खांबावरची काच

"हे काय आणून राहिला तू?"

माझी बायको तुमसरची. इंडियानात सोळा वर्षं काढली तरी तिची भाषा अजून वैनगंगेच्या काठावरच आहे. प्रश्न होता ओट्यावर ठेवलेल्या वस्तूबद्दल. मुठीत मावेल एवढी, घंटेच्या आकाराची, जाडजूड काच, वरपासून खालपर्यंत काजळीनं माखलेली. एका गराज सेलमध्ये गंजक्या खिळ्यांच्या डब्याशेजारी पडली होती. दोन डॉलर दिले. आपल्या घरात काजळी कमी पडली होती का, असं काही ती बोलली नाही; पण ओटा पुसायचं फडकं माझ्या हातात दिलं, त्यात ते आलं.

मी काच नळाखाली धरली. भांड्यांचा साबण झाला, तारेची घासणी झाली, काजळी हलेना. शेवटी नखानं खरवडून एका जागी चवलीएवढी खिडकी पाडली आणि ती दिव्यासमोर धरली. विहिरीत दुपारी बाराचं ऊन उतरलं की पाण्याला जो रंग चढतो, निळा म्हणावा तर हिरवा आणि हिरवा म्हणावा तर निळा, तो आत होता. बाजूला उठावाची अक्षरं लागत होती. 'हेमिंग्रे', आणि खाली ४२.

ज्याला ठाऊक नाही त्याला ती वस्तू पेपरवेट वाटते. फार तर मेणबत्तीची बैठक. मला ती पाहताक्षणी कळली, कारण मी लाइनमनचा मुलगा आहे.

नाना तार खात्यात होते. चिपळूणला बरीच वर्षं, आणि त्यांच्या वाट्याला कुंभार्ली घाटातली लाइन. त्या लाइनीवर खांबाच्या आडव्या पट्टीवर पांढरे चिनी मातीचे इन्सुलेटर असत. नाना आणि त्यांच्या बरोबरचे लोक त्यांना नुसतं 'कप' म्हणायचे. "बाराव्या खांबाचा कप गेला." "कप बदलून आलो." उलटा ठेवलेला, कान नसलेला कप. आमच्या घरी असाच एक टवका उडालेला कप दाराला अडसर म्हणून होता आणि पायाच्या करंगळीला त्याची ओळख होती. लहानपणी माझी समजूत होती की वरच्या तारेतून संदेश धावतो आणि दमला की या कपात पाणी पितो. हे मी नानांना विचारलं होतं. ते म्हणाले, "पाणी प्यायला तर माझी नोकरी गेली."

त्यांच्या बोलण्यातला सगळा धंदा त्या एका वाक्यात होता, हे पुढे कळलं. तारेतली वीज खांबावाटे जमिनीत पळून जाऊ नये म्हणून तार आणि लाकूड यांच्यामध्ये काच किंवा चिनी माती घालायची. कोरड्या दिवशी हे सोपं आहे. पाऊस पडला की कपाच्या अंगावरून पाण्याचा पातळ पापुद्रा उतरतो आणि त्या ओल्या वाटेनं वीज चोरपावलांनी खाली जाते. एका खांबावर जाते ती नगण्य. पण मैलाला तीस-चाळीस खांब आणि शेकडो मैल लाइन म्हटल्यावर थेंबे थेंबे तळं उलट्या दिशेनं साचतं. पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत संदेशात जीव राहत नाही. म्हणून कपाला खाली झगा असतो, आत आणखी एक झगा असतो. बाहेरचा भिजला तरी आतला कोरडा राहावा. छत्रीच्या आत छत्री. कोकणच्या पावसात नानांची चाळीस वर्षं या एका कोरड्या बोटभर जागेची राखण करण्यात गेली.

तर त्या दोन डॉलरच्या काचेपासून सुरुवात झाली आणि आता खिडकीत चार फळ्या आहेत. एकशे तीसच्या वर मोजणं मी सोडलं. बायकोनं सोडलेलं नाही.

काजळी काढायची विद्या मला एका म्हाताऱ्या जमवणाऱ्यानं शिकवली. जुनं लाकूड उजळवायला हार्डवेअरच्या दुकानात ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड मिळते, ती पाण्यात कालवायची आणि काच त्यात दोन दिवस बुडवून ठेवायची. रेल्वेच्या कडेच्या खांबांवर बसलेल्या काजळीत लोखंडाचा अंश असतो, त्याला हे अ‍ॅसिड उचलतं. साबणाचं ते काम नाही. पूड विषारी, त्यामुळे गराजमधल्या बादलीवर मी मराठीत 'विष' असं लिहून ठेवलंय. इथे ते आम्ही दोघं सोडून कोणाला वाचता येत नाही, हे नंतर लक्षात आलं. मग कवटी काढली. दोन दिवसांनी रबरी हातमोजे घालून काच बाहेर काढायची, धुवायची. वाफेच्या इंजिनांचा तो जुना धूर बादलीत राहतो आणि हातात रंग उरतो. हा क्षण मला अजून शिळा झालेला नाही.

अमेरिकेत काच आणि आपल्याकडे चिनी माती, असं का? आपल्याकडे ब्रिटिशांची पद्धत आली आणि ते चिनी मातीवाले. अमेरिकेत काचकारखाने मुबलक होते आणि साच्यात दाबून काढलेली काच स्वस्त पडे. शिवाय काचेला तडा गेला तर तो खालून दिसतो, खांबावर चढावं लागत नाही. मॉर्सनं २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला संदेश पाठवला, ती लाइन आधी जमिनीखालून शिशाच्या नळीतून न्यायची ठरली होती. नळीतल्या तारांचं आवरण कुचकामी निघालं, पैसे संपत आले, आणि एझ्रा कॉर्नेलनं, ज्याच्या नावाचं पुढे विद्यापीठ झालं, तारा खांबांवर चढवल्या. खांबावर चढवल्या म्हटल्यावर काच आलीच.

आपल्याकडे तर त्याहून मजा. कलकत्त्याला विल्यम ओशॉनसी नावाच्या डॉक्टरनं १८३९मध्येच तारेचे प्रयोग केले होते आणि पुढे देशभर लाइनी टाकायचं काम त्याच्याकडेच आलं. त्यानं युरोपातल्यासारखी बारीक तार न वापरता जाड लोखंडी सळी पसरली. कारणांमध्ये वादळवारा होता आणि माकडंही होती. सळीनं माकडांच्या टोळीचं वजन पेललं पाहिजे, हा हिशोब युरोपातल्या कुठल्या इंजिनिअरला करावा लागला नसेल. हे नानांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. "बरोबर आहे," म्हणाले. घाटातली माकडं त्यांनी पाहिलेली.

सुरुवातीच्या अमेरिकन कपांना आतून आटे नसत. गुळगुळीत भोक, त्यात लाकडी खुंटी, मध्ये डांबरात बुडवलेली चिंधी, आणि नशिबावर हवाला. १८६५च्या २५ जुलैला लुई कॉव्हेट नावाच्या न्यूयॉर्कच्या एका सुतारानं आट्यांच्या भोकाचं पेटंट घेतलं. सुताराला सुचलं यात मला काही नवल वाटत नाही. खुंटी आणि भोक यांच्या भांडणात त्याचा जन्म गेलेला असतो. ब्रुकलिनच्या ब्रुकफील्ड कंपनीच्या जुन्या कपांवर ही तारीख उठावात असते. माझ्याकडे तसा एक आहे. काच गढूळ हिरवी, आत बुडबुडे, एका बाजूला दुधाच्या सायीसारखी सुरकुती, आणि अक्षरं अशी बसकी की जुलै वाचायला बोट फिरवावं लागतं. गरम काचेचा गोळा साच्यात टाकायचा, वरून आट्यांचा लोखंडी खिळा दाबायचा, काच घट्ट होते न होते तोच तो खिळा उलटा फिरवून काढायचा. जरा घाई झाली तर आटे ढासळणार, जरा उशीर झाला तर खिळा काचेसकट बसणार. त्या ब्रुकफील्डच्या आत पहिला आटा किंचित वाहून गेलेला आहे. घाई झालेली. कोणाची ते आता कोण सांगणार, पण त्या दिवशी त्यानं हा तुकडा बाद केला नाही आणि मुकादमानंही केला नाही.

मी राहतो तिथून मन्सी हे गाव तासाभराच्या अंतरावर. हेमिंग्रे कंपनी तिथली. म्हणजे मूळची ओहायो नदीकाठची, सिनसिनाटी आणि समोरच्या तीरावरचं कव्हिंग्टन. १८८८मध्ये मन्सीला आली. कशासाठी? गॅससाठी. त्याची गोष्ट अशी. मन्सीच्या उत्तरेला ईटन नावाचं खेडं आहे. तिथे १८७६मध्ये कोळसा सापडतो का म्हणून भोक पाडत होते. सहाशे फुटांवर आतून गर्जना झाली आणि घाण वास आला. आपण नरकाच्या छपराला भोक पाडलं अशी लोकांची खात्री पटली आणि भोक बुजवलं. दहा वर्षांनी कोणाला तरी अक्कल आली की तो नैसर्गिक वायू होता. मग जी झुंबड उडाली! गॅस फुकट देतो, जमीन देतो, कारखाना आणा, अशी गावागावांत चढाओढ लागली. रस्त्यावरचे गॅसचे पलिते दिवसाही जळत. विझवायला माणूस ठेवण्यापेक्षा जळत ठेवणं स्वस्त. शतक उलटेपर्यंत गॅसचा जोर संपत आला. कारखाने मात्र तिथेच राहिले.

मन्सीत दुसरी मोठी काच बॉल बंधूंची, लोणची-मुरंब्यांच्या बरण्यांची. त्या निळसर बरण्यांची वाळू मिशिगन सरोवराच्या काठावरून येई. मिशिगन सिटीला 'हूझियर स्लाइड' नावाची वाळूची टेकडी होती, जवळजवळ दोनशे फूट उंच. लोक तिच्यावर चढायला सहलीला जात. ती टेकडी फावड्यांनी मालगाडीत भरून नेली, आणि १९२०च्या सुमारास टेकडी संपली. आज तिथे वीजकेंद्र आहे. मी गेलो होतो पाहायला. काय पाहणार, सपाट जमीन. बायको गाडीतून उतरली नाही. म्हणाली, "डोंगर नेऊन टाकायचं काय कौतिक सांगतो, आमच्या इकडे रोज नेतात."

ते खरंच होतं आणि त्या वाक्यानं माझ्या छंदाला एक नवी खोली उघडून दिली. पण त्यासाठी आधी रंगाबद्दल बोलायला हवं.

नव्यानं जमवायला लागणाऱ्याला वाटतं, हे रंग कोणीतरी ठरवले असतील. निळा या कंपनीचा, हिरवा त्या. थोडे अपवाद असतील, पण एरवी रंगाचं कोणालाच काही पडलेलं नव्हतं. वाळूत लोखंड असतं म्हणून साधी काच हिरवट-निळी निघते, इतकंच. त्यात भट्टीत काय पडलं यावर ठरणार. फुटक्या बाटल्यांचे तुकडे स्वस्त, म्हणून ते टाकले. तपकिरी बाटल्या जास्त पडल्या तर काच मधाच्या रंगाकडे झुकली. एक रंग संपून दुसरा सुरू होताना मधल्या वेळात जे कप निघाले त्यांच्यात दोन्ही रंगांच्या लाटा अडकून राहिल्या, चहात दूध ओतल्या ओतल्या ढवळलं नाही तर दिसतं तसं. कारखान्यात तो दोष. आज तसल्या एका कपासाठी लोक पगार मोजतात. बनवणाऱ्यानं पाहिलं नाही, विकत घेणाऱ्यानं पाहिलं नाही, तीस फुटांवर चढवणाऱ्यानं पाहिलं असेल तर क्षणभर. ज्या गोष्टीकडे सगळ्या साखळीत एकाचंही लक्ष नव्हतं, नेमक्या तिच्यावर आमचा सगळा बाजार चालतो. मला हे फार आवडतं. थोडी लाजही वाटते.

ज्यांना पांढरी काच हवी असे ते भट्टीत मँगनीज टाकत. आपण पिवळट पडलेल्या धोतराला नीळ देतो ना, तीच युक्ती. लोखंडाचा हिरवा आणि मँगनीजचा जांभळट एकमेकांना मारतात आणि डोळ्याला काच पांढरी वाटते. काचवाले त्याला काचेचा साबण म्हणत. पण ही नीळ पुढे उलटते. अशी पांढरी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की अतिनील किरणांनी मँगनीजचा रंग जागा होतो आणि काच हळूहळू जांभळी पडते. नेवाडा-अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी उन्हात खांबांवर काही कप असे पिकले. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला काचवाले मँगनीज सोडून सेलेनियमकडे वळले, म्हणून जांभळी काच बहुधा त्याआधीची.

हे सगळं मी एका रविवारी उत्साहानं सांगत होतो आणि बायको पोहे निवडत होती. मँगनीज शब्द आला तशी तिनं मान वर केली.

"आपलं मँगनीज?"

तुमसरच्या माणसाला मँगनीज 'आपलं' असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. चिखला, डोंगरी बुजुर्ग या भंडारा जिल्ह्यातल्या खाणी तिच्या माहेरच्या बोलण्यात भाताच्या गिरण्यांइतक्या सहज येतात. तिचे मामा डोंगरीला खाणीत होते. उघडी खाण. मामा घरी आले की मोजे बाहेर काढायचे, कारण ती काळी धूळ फरशीवर उमटली की निघत नाही. "आणि सेल फोडला की आत काळं निघत नाही का, तेच हे," ती म्हणाली. अगदी बरोबर. टॉर्चचा संपलेला सेल दगडानं फोडून हात काळे करून घेतले नाहीत असा आमच्या पिढीत कोण असेल? डोंगरीचं मँगनीज डायऑक्साइड सेलच्या कारखान्यांना जातं. खिडकीतल्या जांभळ्या कपाकडे ती प्रथमच नीट बघत होती. "म्हणजे हा रंग आमच्या दगडाचा." त्यानंतर चार फळ्यांपैकी वरची फळी तिची झाली. त्या फळीवर फक्त जांभळे, आणि धूळ ती पुसते.

त्या फळीवर एक लबाड आहे. हा माझा शहाणपणा. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला गर्द जांभळा कप दिसला, वांग्यासारखा चकचकीत. साठ डॉलर. घासाघीस केली असती तर कमी झाले असते, पण माझा चेहरा बघून दुकानदारानं किंमत पक्की केली होती. महिन्याभरानं इन्सुलेटरवाल्यांच्या एका मेळाव्यात मी तो मिरवायला नेला. मोठ्या हॉलमध्ये पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, मागून दिवे, आणि टेबलामागे टोप्या घातलेले आजोबा. त्यातल्या एकानं कप हातात घेतला, दिव्याकडे धरलासुद्धा नाही. या मॉडेलमध्ये जांभळा कधी निघालाच नाही, म्हणाला. हॉस्पिटलचं सामान निर्जंतुक करायला गॅमा किरणांची यंत्रं असतात, त्यांतून पांढरा कप काढला की साठ वर्षांचं ऊन एका दिवसात लागतं. मी विचारलं, फरक कसा ओळखायचा? काच भट्टीत तापवून रंग उतरतो का बघू? तो म्हणाला, तापवल्यावर उन्हाचा रंगही उतरतो. म्हणजे काचेला दोन्ही सारखंच. मग आपल्याला का खटकतं, यावर त्या हॉलमध्ये आमची अर्धा तास चर्चा झाली आणि काहीही ठरलं नाही. दुकानदाराकडे परत गेलो नाही. लबाड फळीवरच आहे, जरा मागे.

हे आजोबा लोक म्हणजे एक स्वतंत्र विषय आहे. बरेचसे रेल्वेतून किंवा टेलिफोन कंपनीतून निवृत्त. उघड्या तारा उतरवून केबल टाकायची कामं निघाली तेव्हा यांनीच खांबावरून कप काढून खाली टाकले होते, खाली ढीग पडायचे. मग एखादा घरी नेला, बायकोनं खिडकीत ठेवला, संपलं. आकारांना नंबर दिलेत, वुडवर्ड नावाच्या एका अभ्यासू जमवणाऱ्याची ती पद्धत. माझा पहिला कप त्या हिशोबानं सीडी १५४. पण टेबलावर कोणी नंबर बोलत नाही. मधाचं पोळं, शिंगरू अशी नावं आहेत, आणि वर दोन कान असलेल्याला मिकी माऊस. खांबावर अजून उभा असलेला कप काढायचा नाही, तो कोणाचा तरी आहे, हा त्यांचा कडक नियम. मी एकदा बंद पडलेल्या लाइनीशेजारी गाडी थांबवून एका निळ्या कपाकडे वीस मिनिटं बघत बसलो होतो. नुसताच बसलो होतो, नोंद असावी.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात नाना आले. वय अठ्ठ्याहत्तर. निवृत्त होऊनही जमाना झाला होता. २०१३च्या जुलैत देशातली तार सेवाच बंद झाली तेव्हा मी त्यांना मुद्दाम फोन केला होता, म्हटलं वाईट वाटलं असेल. ते म्हणाले, "बरं झालं. आता मेल्याच्या बातम्या फुकट येतात." आमच्याकडे तार आली की ती उघडायच्या आधी बायका डोळ्याला पदर लावायच्या. लग्नाच्या शुभेच्छांच्याही तारा यायच्या, पण दारात तारवाल्याची सायकल थांबली की पहिल्यांदा पोटात गोळाच.

पहिल्या दिवशी सकाळी त्यांना मी खिडकीपाशी नेलं. पूर्वेची खिडकी आहे, आठच्या सुमाराला ऊन आरपार येतं आणि समोरच्या भिंतीवर सगळे रंग सांडतात. पाहुणे इथे "वाव" म्हणतात. नाना भिंतीकडे वळलेच नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दुसऱ्या फळीवरचा एक हेमिंग्रे उचलला, उलटा केला आणि आत बोट घातलं. आतल्या झग्याच्या कडेनं बोट सावकाश एक वेढा फिरलं. मग खिशातून किल्ली काढून त्यांनी काचेवर टिचकी मारली आणि कान जवळ नेला, बाजारात मडकं घेताना आजी वाजवून बघायची तसं. टण्ण वाजलं.

"चांगला आहे की," ते म्हणाले. "काढला कशाला?"

मग एकेक. एकशे तीस कप त्यांनी दोन दिवसांत तपासले. नऊ बाद केले. त्यांत माझा सगळ्यात महाग होता, लाटांचा, पगारवाला. "ह्याच्यात केस आहे," म्हणाले. मला भिंग लावूनही दिसेना, तेव्हा त्यांनी माझं नख धरून त्या जागेवरून ओढलं. अडकलं. ब्रुकफील्डचा ढासळलेला आटा त्यांना आपोआप सापडला. आटे नसलेल्या कपांची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "उतारावर चालणार नाहीत ते." मी विचारलं का. "दोन टेकाडांच्या मध्ये खांब खोलात असला की तार वर खेचते रे. कप उचलून घेऊन जाईल." कॉव्हेट सुताराबद्दल मी जे चार ठिकाणी वाचलं होतं ते त्यांनी चहा गार व्हायच्या आत सांगून टाकलं. रंगाबद्दल मात्र एक अक्षर नाही. शेवटी मीच विचारलं, तुम्हाला कुठला आवडला? ते जरा गोंधळले. "सगळे सारखेच ना," म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, "म्हणजे रंग वेगवेगळे आहेत, हो."

एका गोष्टीवर मात्र त्यांचं बोट थांबलं. हेमिंग्रेच्या बऱ्याच कपांना खालच्या कडेवर दात असतात, गोल फिरलेली ठेंगण्या टोकांची रांग. कंपनीचं २ मे १८९३चं पेटंट आहे ते. कल्पना अशी की कडेला पोचलेलं पाणी तिथे पसरून न राहता टोकाटोकांवर गोळा होऊन थेंबानं गळून जावं, आत चढू नये. नानांनी ते दात अंगठ्यानं मोजल्यासारखे केले. त्यांच्या चिनी मातीच्या कपांची कड साधी, गुळगुळीत.

"हे खरंच चालतं?"

मला काय माहीत. मी बारा वर्षं हे कप जमवतोय, त्यांना धुतो, पुसतो, उन्हात ठेवतो. एकही कप मी पावसात ठेवला नव्हता.

गराजमध्ये एक लाकडी खुंटी होती, जुनी, आट्यांची, कोणीतरी कपाबरोबर दिलेली. नानांनी ती मागच्या डेकच्या कोपऱ्यातल्या खांबावर दोन पट्ट्यांनी ठोकली. शिडी मी धरली. चार पायऱ्यांची, पण धरली. मग त्यांनी ४२ नंबर घेतला, तोच, दोन डॉलरचा, आणि खुंटीवर फिरवायला लागले. हाताची चाल अशी की वीस-बावीस वर्षं मधे गेलीच नव्हती. शेवटचा अर्धा वेढा बाकी ठेवून थांबले. पार आवळायचा नाही म्हणे, लाकूड फुगतं.

पाऊस दोन दिवस आला नाही. नाना सकाळी उठले की आधी मागचं दार उघडून आभाळ बघायचे, चिपळूणला उलटं करायचे. तिसऱ्या दिवशी चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळंभोर चढलं आणि इंडियानाचा उन्हाळी पाऊस पडतो तसा एकदम, आडवातिडवा पडायला लागला. बायकोनं दोन छत्र्या आणल्या. नानांनी घेतली नाही. आम्ही तिघं डेकवर कपाखाली माना वर करून उभे. काचेच्या डोक्यावर पाणी फुटत होतं, तारेच्या खाचेतून वळत होतं, झग्यावरून घसरत होतं, आणि खालच्या कडेला येऊन थबकत होतं. मग एका दाताखाली थेंब फुगला, लोंबला, सुटला. शेजारच्या दाताखाली दुसरा. सगळी गोल रांग आपापल्या तालात गळत होती.

नानांनी पावसातच हात वर केला, कपाच्या खालून तर्जनी आत सरकवली, खुंटीच्या कडेनं एक वेढा फिरवली आणि बाहेर काढून पटकन तळहाताच्या आडोशाला धरली. मला दाखवली. मग सुनेला दाखवली.

कोरडं.